पाहुण्यांसाठी रिकामं केलेलं घर

बाई, मी तुझ्या घराच्या दारात आडवी बसले आहे. पाठ एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला. कोणाला गाठोडं घेऊन बाहेर पडायचं असेल तर मला ओलांडून जावं लागेल, आणि दिवस भरत आलेल्या बाईला ओलांडणं जमत नाही, एवढा विचार करूनच मी इथं बसले. आत बाळंतपणाला आलेल्या बायका कपडे गुंडाळताहेत, डेगच्या गोळा करताहेत. काऊन म्हणून विचारलं, तर त्यांतली रैनी म्हणते, "उद्या पाहुने येऊन राह्यले ना, करुणाबाई."

तुला मातीत ठेवून आठवडाही झाला नाही. तू असतीस तर या सगळ्यांना एका हाकेत गप्प केलं असतंस, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? तू असतीस तर सगळ्यांत आधी तुझंच गाठोडं बांधून झालं असतं.

गेलेल्या माणसाविषयी लोक चांगलं चांगलं लिहितात. आपल्या संस्थेच्या मंडळींनी मलाही तुझ्याविषयी तसंच लिहायला सांगितलंय, जुरीबाईंचं कार्य, जुरीबाईंचा त्याग वगैरे. मला ते जमत नाहीये. मी तुझ्यावर चिडलेली आहे, आणि चिडायला समोर तू नाहीस, म्हणून हा कागद.

या घराचं काम किती साधं होतं! नदीच्या अलीकडे दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं चूल. इथून दवाखान्याला चालत जाता येतं. पावसाळा लागला की पलीकडच्या गावांची वाट पर्लकोटा नदी बंद करून टाकते. म्हणून ज्यांचे दिवस पावसात भरणार असतील त्यांनी नदी चढायच्या आधीच इथं यायचं, बाळंत व्हायचं, आणि पाणी उतरलं की लेकरू घेऊन परत जायचं. आपापला तांदूळ त्या आपणच आणायच्या. आपण मागत होतो ते फक्त बायकांना आणायला गाडी, वरचं डाळ-तेल, आणि वेळी-अवेळी धावून येईल अशी एक नर्स.

रैनीनं पहिल्या खेपेला तुझं ऐकलं नव्हतं. सासूनं पाठवलं नाही म्हण. कळा सुरू झाल्यावर तिला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं, पण पुरात डोंगा घालायला कोणी नावाडी तयार होईना. काठावरच मूल गेलं. त्यानंतर तू तिच्या गावी जाऊन सासूच्या अंगणात दिवसभर ठिय्या देऊन बसलीस, पेजसुद्धा घेतली नाहीस. "पुढच्या येळी माह्या घरी नाई पाठवलं त मी इथीच बसून मरीन," असं म्हणालीस. गेल्या वर्षी, दुसऱ्या खेपेला, रैनी खरंच आली, नदी चढायच्या कितीतरी आधी.

आणि त्याच वेळी आले ते पाहुणे.

शहरातल्या त्या अनुदान देणाऱ्या मोठ्या संस्थेच्या पत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, समता आणि समावेशन. वंचितांच्या हाती नेतृत्व असलेल्या छोट्या संस्थांना प्राधान्य. मला वाटलं, हे आपल्याकडेच बघून लिहिलंय. अर्ज इंग्रजीत होता, तोही ऑनलाइन. नेटवर्कसाठी मी टेकडीवर जाऊन बसायचे, आणि तू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत खालून ओरडायचीस, "झालं का वो? का तिथीच घर बांधून देऊ?" त्या अर्जात सगळ्यांत वर तुझं नाव होतं, आणि अर्ज वाचता येत नव्हता तोही तुलाच.

त्यांचा निरोप आला की आम्ही बघायला येतो. मी लिहिलं, विश्रामगृहात सोय करते. त्यांच्या मॅडमचा फोन आला. आवाज इतका गोड आणि मनापासूनचा होता, की आजही मला त्या बाईचा राग धरता येत नाही. म्हणाल्या, "नाही नाही, विश्रामगृह नको. आम्हाला लोकांबरोबर राहायचंय. लोकांपासून लांब राहून त्यांचं काम कसं समजणार?"

मी तुला तसंच्या तसं सांगितलं. तू खूश झालीस. "आपल्या घरी रायते म्हंते?" असं दोनदा विचारलंस. गावाच्या बैठकीच्या गोटुलात त्यांना ठेवता आलं असतं, पण त्याचं छप्पर तेव्हा उसवलेलं होतं, आणि पाहुण्याला मोडक्या छपराखाली ठेवायची गोष्टच तुझ्या डोक्यात येणार नव्हती. मी त्यांना आणायला जीप घेऊन अहेरीला गेले. मागं तू काय करशील, हे मला कसं कळावं?

संध्याकाळी आम्ही पोचलो तर घर लखलखत होतं. ताजं सारवण, खाटांवर धुतलेल्या चादरी, भरलेला माठ, त्यावर उपडा ग्लास. आणि बायकांपैकी एकही नाही. सकाळी याच ओसरीवर बसायला जागा नव्हती! मॅडमनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "इथं कोणीच नाहीये का?"

तू दोन्ही हात पसरून हसलीस. "नाई ना! सारी जागा तुमचीच हाय. आरामात राहा."

मी तुला चुलीपाशी गाठलं. "बाया कुठी हायत?"

"हायत. तू भात वाढ."

"कुठी हायत म्हंतो मी?"

"पाहुने उपाशी बसले हायत, पोरी, आन तू मले कुठी-कुठी करून राह्यली." असं म्हणून तू रश्श्याची डेगची माझ्या हातात दिलीस.

पाहुणे पोटभर जेवले. मॅडमनी तुला मिठी मारली. सकाळी त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा नाल्याच्या बाजूनं एकेक बाई येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, एक हात कमरेवर. सगळ्यांत मागं रैनी होती. तिचे पाय इतके सुजले होते की चप्पल हातात घेऊन चालत होती. नाल्यापलीकडे तुझ्या भावाचा गोठा आहे, त्या गोठ्यात बैलांशेजारी त्या झोपल्या होत्या. दिवस भरत आलेल्या बायका, बाई! मी ओसरीवर बसून रडले, आणि तू त्यांच्यासाठी पेज ढवळत राहिलीस. तुझ्या लेखी त्यात काहीच वावगं झालेलं नव्हतं. त्यांच्या लेखीही नाही. रैनीनं मला विचारलं, "जेवले का बराबर पाहुने?"

मग अहवाल आला. भेटीच्या वेळी केंद्रात एकही लाभार्थी आढळली नाही. समाजाकडून मागणी दिसत नाही. सध्या अनुदानाची शिफारस करता येत नाही. मी तुला वाचून दाखवला, मराठी करून. मी म्हटलं, मी आजच्या आज लिहिते, घर भरलेलं होतं, तुमच्यासाठी रिकामं केलं म्हणून.

"नाई लिहाचं."

"काऊन?"

"पाहुन्याले असं सांगाचं नसते. तुमच्यापाई आमी गोठ्यात झोपलो म्हून सांगशीन? त्याइले कसं वाटन? खाल्लेला भात आंगी लागन का त्याइच्या?"

"ते पाहुने नोहोत, बाई! तपासाले आलते ते!"

"माह्या घरी जेवले ना? मंग पाहुनेच."

मी किती बोलले तुला. हट्टी म्हटलं, अडाणीसुद्धा म्हटलं. तू पदर खोचून उभी राहिलीस आणि बोट दाखवून म्हणालीस, "तू सांगशीन त माह्याशी बोलू नोको. कधीच बोलू नोको."

मी नाही सांगितलं. वर्षभर आपण त्यावर भांडत राहिलो, एसटीत, बाजारात, चुलीपाशी. भांडण कधी संपलं नाही. मला वाटायचं, हिला एक दिवस पटवीन. घाई काय आहे?

आणि खरं सांगू? तुला पटवताना माझा आवाज पडायचा, त्याला कारण होतं. मी सिंदेवाहीकडची. घरी धानाची शेती, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. चंद्रपुरात शिकायला गेले तेव्हा खोली शोधत फिरले होते. घरमालकीण खोली दाखवायची, भाडं सांगायची, आणि शेवटी आडनाव विचारायची. आडनाव सांगितलं की तिला एकदम आठवायचं, खोली भाच्यासाठी ठेवलीय. असं एकदा नाही झालं. मग शिकून इकडं आले. पहिल्या संध्याकाळी तू मला पाहिलंस, जेवलीस का विचारलंस, आणि तुझी खोली दिलीस. आडनाव विचारलंच नाहीस. मी त्या खाटेवर इतकी गाढ झोपले. तू त्या वेळी कुठं झोपलीस ते मला पुढं कधीतरी तुझ्या वहिनीकडून कळलं. भावाच्या गोठ्यात.

ज्या रिवाजानं मला घर मिळालं, त्याच रिवाजानं आपलं घर बुडवलं. मग मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते, की बाई, हे सोड? तरी म्हणत होते. ओरडून म्हणत होते.

ते पैसे पुढं कोणाला गेले, ते तर तुला ठाऊकच आहे. छोट्या संस्थांना समावेशन शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेला. त्यांनी नागपूरच्या हॉटेलात परिषद भरवली आणि तुला मंचावर बसायला बोलावलं. सगळे इंग्रजीत बोलत होते. तू लुगड्याचा काठ सावरत, समोरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत बसली होतीस. तुझी पाळी आली तेव्हा वेळ संपत आला होता. तू म्हणालीस, "आमच्या इकडं या. घर हाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर आल्यावर मी त्या सगळ्यांना शिव्या देत होते, आणि तू म्हणालीस, "गुलाबजामुन चांगले होते. मी दोन घेतले." सत्काराची शाल तू रैनीच्या तान्ह्या पोरीला गुंडाळायला दिलीस. हो, मुलगी झाली होती तिला, दवाखान्यात, नीट. तिला पाहून मी अहवाल वगैरे सगळं विसरले होते.

तो पावसाळा आपण उरल्यासुरल्यावर काढला. यंदा हातात काहीच नव्हतं. मुलगी अंगावर पीत असतानाच रैनीला परत दिवस गेले, तुलाही ते आवडलं नव्हतं. गाडी नाही म्हणून तू पायीच निघालीस, गावोगाव, बायकांना गोळा करायला. मी म्हटलं, थांब, मी कोणाची तरी जीप मागते. "जीप येईपर्यंत नदी येईन," असं म्हणालीस आणि गेलीस. परत आलीस ती बायका घेऊन, रैनी आणि तिची पोर घेऊन, आणि ताप घेऊन. गोळ्या घे म्हटलं तर आधी त्यांच्या भाताचं बघते म्हणालीस. ताप डोक्यात गेला.

अहेरीहून तुला पुढं चंद्रपूरला न्यायला सांगितलं. गाडीत तू बरळत होतीस, अर्धं माडियात, अर्धं मराठीत. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी मागं पळत होती. आलापल्ली जवळ आली तेव्हा तू डोळे उघडलेस, अगदी शुद्धीत. मला वाटलं, आता काहीतरी सांगशील. मला म्हणून काही, निदान भांडणाचं काही. तू पुढं बघितलंस आणि विचारलंस, "डायवर जेवला का?"

ड्रायव्हर म्हणाला, "हाव बाई, जेवलो." त्यानं खाल्लेलं नव्हतं. आलापल्ली यायच्या आत तू गेलीस.

तेवढंच, बाई? मी एवढी वर्षं तुझ्याबरोबर होते. मला एक शब्द नाही? तुझा भाऊ गावाबाहेर तुझ्या आठवणीचा उभा दगड रोवणार आहे, म्हणून दगड शोधत फिरतोय. मला विचारत होता, कसा पायजे. मी काय सांगू? मला दगड नको आहे. मला तू हवी आहेस, खर्रा घोटत, आरडाओरडा करत.

मॅडमना कोणीतरी तुझी बातमी कळवली. त्यांचा फोन आला, तेव्हा त्या खरोखर रडत होत्या. म्हणाल्या, जुरीबाईंच्या स्मृतीसाठी आम्ही फेरविचार करतोय, आम्ही पुन्हा येतो, एक शेवटची भेट. पुढचं मला ऐकूच यायला नको होतं. "आणि करुणा, या वेळीही आम्ही तिथंच राहणार. त्यांच्या घरात."

मी फोनवर नुसतं "या" म्हटलं. तुझं ते बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं.

उद्या त्या येताहेत. घर रिकामं दिसलं की सगळं संपलं. गाडी नाही, नर्स नाही, पुढल्या वर्षी हे दार उघडायलाही कोणी असणार नाही. आणि पलीकडच्या बायका पुन्हा खाटेवरून काठापर्यंत येतील आणि डोंग्याची वाट बघत राहतील. हे सगळं मी सकाळपासून या बायकांना सांगतेय. हात जोडले, रागावले. त्या ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुन्हा कपडे गुंडाळायला लागतात. रैनीला म्हटलं, "अवं, तुह्याचसाठी येऊन राह्यले ते! तूच नाई दिसली त कोनाले पायतीन?" ती माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी लाज सोडून बोलले असं. म्हणाली, "बाई असती त तिनं पाहुन्याले बाहेर झोपवलं असतं का? बाई गेली म्हून तिच्या घरची रीत गेली का?"

वरच्या अंगाला दुपारपासून आभाळ काळंभोर आहे. नाला चढला तर त्या गोठ्यातून दवाखाना कुठला नि काय कुठलं? मला फार भीती वाटतेय, बाई. मला खरंच काही सुचत नाहीये. म्हणून दारात बसून तुला लिहितेय, जणू तू ओसरीवर आहेस आणि आत्ता म्हणशील, काय वो, कायले रडून राह्यली.

आत फार शांत झालंय.

बाई, मी उठून बघून आले. घर रिकामं आहे. मी पुढलं दार अडवून बसले आणि चुलीपाशी मागलं दार आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. केर काढलेला आहे. खाटांवर चादरी ताणून घातल्या आहेत, रैनीनं आपली गोधडीसुद्धा नीट घडी करून पाहुण्यांच्या उशाशी ठेवली आहे. माठ भरलेला आहे. त्यावर उपडा ग्लास. जाताना पोरीच्या हातातलं मक्याचं अर्धं कणीस तेवढं उंबऱ्यापाशी पडलंय.

मी आता नाल्यावर निघाले आहे. पाणी अजून घोट्याएवढंच असेल. एकेकीच्या हाताला धरून परत आणीन, येणार नाही म्हणाल्या तर पाया पडेन. नाहीच ऐकलं, तर मॅडमना या घरात बसूच देणार नाही, गाडीतून उतरल्या की सरळ नाल्यापलीकडे नेईन, गोठ्यात. बैलांशेजारी कोण झोपलंय ते बघा म्हणेन, आणि गेल्या वर्षी तुम्ही झोपलात ती खाट कोणाची होती तेही सांगेन. त्यांना वाईट वाटेल. भात त्यांच्या अंगी लागणार नाही. तरी सांगेन.

तू म्हणाली होतीस, सांगशीन त माह्याशी बोलू नोको, कधीच. मी वर्षभर ते पाळलं. या आठवड्यातही कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. तरी तू कुठं बोललीस माझ्याशी?